बेबाबाईंच्या दाराचा उंबरा

जळगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बेबाबाई महाजन बसत, तेव्हा साऱ्या खानदेशाला त्यांचा आवाज ओळखीचा होता. ट्रंक कॉलचे दिवस होते. दोंडाईच्याचा धान्याचा व्यापारी असो की पिंपळनेरचा डॉक्टर, "ताई, तेवढं लवकर जोडा" म्हणून गयावया करी आणि बाई त्याला चार शब्द सुनावून कॉल जोडून देत. बाई होत्याच तशा फटकळ. "बिचारी" हा शब्द त्यांच्यासमोर काढला, की काढणाऱ्याचंच काही खरं नसे.

तो शब्द लोकांच्या तोंडी यायचा त्यांच्या पायांमुळे. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. वडील रुपचंद महाजन यांनी मुलीला खांद्यावर बसवून एरंडोलच्या शाळेत नेलं, मॅट्रिक होईपर्यंत नेलं. पुढे नोकरी लागली, चाकाची खुर्ची आली आणि भाड्याच्या खोल्या बदलत बाई चाळिशीला टेकल्या. मग अठ्ठ्याऐंशी साली पिंप्राळ्याच्या वाटेवर नोकरदारांची एक गृहनिर्माण सोसायटी उभी राहू लागली. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं. बाई सभासद झाल्या.

घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या सभेत चेअरमन जीवराम आबा उठले. निवृत्त हेडमास्तर, मनाने मोठा माणूस. म्हणाले, "बेबाताईंना चिठ्ठी नको. तळमजल्याचं एक घर त्यांचं. आणि मागच्या बाजूला, त्यांच्या मोरीच्या दाराला आपण उतार करून देऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाल्या, "आबा, उतार पुढून करा. मोठ्या दारातून, सगळ्यांच्या पडवीत."

"अहो, पण तुमचं घर तर मागूनही गाठता येईल."

"माझं गाठता येईल. शेजाऱ्यांचं?"

आबांना कळेना. बाईंनी मग आपल्या पायांचा विषय एकदाच, सगळ्यांच्या देखत काढला. एरंडोलला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं यायचं. पण पायऱ्या चढवणार कोण? त्या ओट्याशी बसत आणि बायका वाण बाहेर आणून देत. बायका चांगल्या होत्या, तिळगूळही इतरांपेक्षा जास्त मिळे. पण आत हसणं चाललेलं असे आणि हे लेकरू बाहेर वाण मांडीवर घेऊन बसे. भाड्याच्या घरांतही तेच झालं. "मला नुसतं घर नको, आबा. शेजार पाहिजे. तो मिळणार नसेल तर माझं नाव कमी करा."

आबांनी पुढच्याच आठवड्यात इंजिनिअरला बोलावलं. उतार पुढे आला. तळमजल्याच्या चारही घरांची दारं बाईंची खुर्ची जाईल एवढी रुंद झाली, आणि पडवी आणि घरं एका पातळीत आली. सिमेंट महाग होतं, कुरकुर करणारेही होतेच. पण बाईंनी कुणाकडून उपकार म्हणून काही मागितलं नव्हतं, त्यामुळे कुरकुरीला म्हणावा तसा जोर चढला नाही. मला तर त्या बाईचं तिथेच कौतुक वाटतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर तळमजल्यावरच्या चौघांनी घरात जायचं ठरवलं. आदल्या दिवशी बाई घर बघायला आल्या. उतारावरून खुर्ची सुरेख चढली. पडवीत वळल्या आणि थांबल्या. चारही दारांना चार बोटं उंचीचे सागवानी उंबरे ठोकलेले होते, त्यांवर ओली हळद आणि कुंकू.

समोरच्या भिकुबाई अक्का पदराला हात पुसत पुढे आल्या. साठीची बाई, तोंडभर हसत होती. "तुन्हा दारले बी बसाडा. बठ्ठास्ना दारले शे, मंग तूच एकली बिनउंबरानी काबर ऱ्हाशी?" उंबऱ्याचं लाकूड त्यांनी माहेराहून मागवलं होतं. पदरचा खर्च करून, शेजारणीच्या घरी लक्ष्मी यावी म्हणून.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. स्वतःच्या दारासमोर त्या पुन्हा ओट्याशीच बसल्या होत्या. पण समोरचा तो आनंदी चेहरा बघून जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. आयुष्यात असं फार कमी वेळा घडलं असेल.

"अक्का," त्या म्हणाल्या, "माले घरमा लई चाल."

अक्कांनी पदर खोचला आणि खुर्ची ढकलली. पुढची चाकं उंबऱ्याला थडकली. पुन्हा जोर लावला, तशी खुर्ची कलली आणि बाई पडता पडता वाचल्या. कुंकवावर चाकाचा काळा पट्टा उमटला होता, त्याकडे अक्का बघत राहिल्या.

"पण उंबरा काढा ते लक्ष्मी कशी यी?" त्यांनी हळूच विचारलं.

"लक्ष्मी यी, अक्का. तिले पाय शेतस. मी कशी येऊ?"

जिन्याशी प्लास्टर करत असलेल्या फारुख मिस्त्रीला बाईंनीच हाक मारली. "उंबरा काढू नका, मिस्त्री. खाली बसवा. वरची बाजू फरशीला लागली पाहिजे." फारुखने तिथेच फरशी फोडायला घेतली. उंबरा खाचेत उतरला, तेव्हा अक्कांच्या मनात नवीनच शंका आली. "आते त्यावर लोकेस्ना पाय पडतीन, माय."

"मन्हा ते पडत नही," बाई म्हणाल्या.

अक्का आधी दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या, हसता हसता रडल्या. शेवटी डोळे पुसून त्यांनी फारुखला आपल्या दाराकडे बोट दाखवलं. उरलेल्या दोन घरांना समजावण्याचं काम अक्कांनी अंगावर घेतलं, आणि अक्कांपुढे कोण बोलणार?

आखाजी झाली. नंतरच्या एका सकाळी बाई ड्यूटीसाठी वेणी घालत होत्या, तेवढ्यात समोरून हाक आली, "बेबा, वं बेबा, बिबड्या थापाले ये. पीठ थंडं व्हयी राहिनं."

हळदीकुंकवाला बोलावतात तसं हे बोलावणं नव्हतं, कामाला होतं. ज्वारीच्या पापडाला आमच्याकडे बिबडी म्हणतात, आणि घरोघरच्या बायका हात लावायला आल्याशिवाय त्या होत नाहीत. बाई तशाच अर्ध्या वेणीने निघाल्या. अक्कांच्या दारातून खुर्ची आवाजही न करता आत गेली. त्या खुर्चीवरून खाली उतरल्या, बायकांनी सरकून जागा दिली आणि ओल्या कापडावर त्यांनी पहिली बिबडी थापली.

"ही बिबडी शे का भाकर?" अक्का सगळ्यांदेखत खेकसल्या.

बाईंनी मुकाट्याने ती मोडली आणि दुसरी थापायला घेतली.

त्या दिवशी एक्सचेंजला त्या उशिरा पोचल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हाताला पीठ तसंच होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या कमलबाईंनी काळजीने विचारलं, "बरं नव्हतं का?"

"शेजारी गेले होते," बेबाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोंडाईच्याचा कॉल जोडून दिला.