येते म्हण
आज रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि त्या वासाने हिंदी मुलखातल्या, आलमबागच्या घरातली एक दुपार आठवली. मुलीने रंगवायला घेतलेलं तैलचित्र पूर्ण झालं होतं. त्यात धावपट्टीएवढं लांब जेवणाचं टेबल, दोन टोकांना आम्ही दोघी. माझा वाढणारा हात लांबत लांबत तिच्या ताटापर्यंत पोहोचलेला, पण मला कानच नव्हते. “माझे कान कुठायत गं?” “बचपन से ढूँढ रही हूँ, आई.” मग घर सोडायला भरून ठेवलेली बॅग तिने उचलली. “जाती हूँ.” आमच्या घरी निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. मी अनवाणी रिक्षापर्यंत धावले. “नुसतं येते म्हण, मग खुशाल जा.” ती रिक्षावाल्याला म्हणाली, “चलिए, भैया.” चित्र अजून भिंतीवर आहे. जेवायला मी माझ्याच टोकाला बसते.