पांढऱ्या पट्ट्याची आई

डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, कोणता अर्धा तास? ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

तेव्हा मी वारज्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लेक नऊ वर्षांची होती आणि घटस्फोटाला तीन वर्षं होऊन गेली होती. नोकरी खराडीत, म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन काम करायचं. सकाळी कंपनीची बस पुलापाशी यायची. त्याआधी दोन डबे, लेकीच्या दोन वेण्या आणि तिच्या हरवलेल्या एका मोज्याचा शोध, एवढं उरकायचं असे. शाळा सुटली की लेक खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जायची. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. लेकीला पाढे आणि मला टोमणे, दोन्ही त्या नियमाने देत.

मी प्रयत्न केलाच नाही असं मात्र नाही. कंपनीत सगळ्यात वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींची जिम होती. तिथल्या ट्रेडमिलवर उभं राहिलं की खाली थांबलेली आमची बस दिसायची. ती सुरू झालेली दिसली की मी ट्रेडमिलवरून उतरून खरीखुरी धावत सुटायचे. व्यायाम म्हणायचा तर तेवढाच. मग पहाटे उठून मोबाइलवर बघत घरीच योगासनं करायचं ठरवलं. मी चटईवर पालथी झाले की लेक झोपेतून उठून यायची आणि सरळ माझ्या पाठीवर बसायची. तिला वाटायचं, आईने घोडा केलाय. चौथ्या दिवशी काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "रोज सकाळी वर कपाट सरकवता का? एकदा काय ती जागा ठरवून टाका."

पुढच्याच आठवड्यात लेकीचं दप्तर उचलायला वाकले आणि तशीच राहिले. वरही येता येईना, खालीही जाता येईना. लेक काकूंना बोलावून आली. काकूंनी मला एका बाजूने धरून पलंगावर आडवं केलं, गरम पाण्याची पिशवी कमरेखाली सरकवली आणि म्हणाल्या, "पाठीने राजीनामा दिलेला दिसतोय. मंजूर करू नका."

त्या दुखऱ्या कमरेनेच मी लेकीला कराटेच्या वर्गाला घेऊन जायचे. आठवड्यातून तीन संध्याकाळी, जवळच्याच एका शाळेच्या सभागृहात वर्ग भरे. मुलं आत ओरडत हातपाय झाडायची आणि आम्ही आया बाहेरच्या बाकावर बसून राहायचो. तो बाक म्हणजे एक संसारच होता. कोणी गवार मोडायची, कोणी मटार सोलायची, कोणी नवऱ्याला फोनवरून झापायची. माझ्या शेजारी नेहमी बसणारी बाई वारज्याच्याच जुन्या गावातली होती. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या होत्या आणि त्यातल्या एका इमारतीत ती स्वतः राहायची. मेथी निवडायचा तिचा हात इतका चालायचा की तिची जुडी संपली की ती माझी ओढून घ्यायची.

एका संध्याकाळी मला बसवेना, म्हणून मी कमरेवर हात ठेवून दारात उभी होते. सर बाहेर आले. सर शहरातल्या कॅम्प भागातले. तिथे त्यांच्या घराण्याचं घड्याळांचं दुकान होतं. दिवसभर ते डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवत आणि संध्याकाळी वारज्यात येऊन मुलांना लाथा मारायला शिकवत. आवाज कधी चढवत नसत. मला म्हणाले, "ताई, एक तास बाहेर उभ्या राहता, त्याऐवजी आत उभ्या राहा."

मी म्हटलं, माझं वय बघा. ते म्हणाले, "वयाची अट नाही. पोशाखाची आहे."

मी हसून विषय टाळला, पण घरी येईपर्यंत तो डोक्यातून जाईना. दिवसभरात मला सापडत नसलेला अर्धा तास, नव्हे अख्खा एक तास, त्या बाकावर मेथी निवडत पडलेला होता. स्कूटरवर मागे बसलेल्या लेकीला मी विचारलं, मी तुझ्या वर्गात आले तर चालेल का? पुढचा सिग्नल येईपर्यंत तिने विचार केला. मग तिने अटी घातल्या. माझ्या मैत्रिणींशी बोलायचं नाही. मला बाळ म्हणायचं नाही. आणि खाली पडलीस तर मी तुला ओळखत नाही.

पांढरा पोशाख घालून मी पहिल्यांदा जिना उतरले, तेव्हा काकू दारातच होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, दवाखान्यात नोकरी लागली का. बाकावरच्या शेजारणीने मेथी बाजूला ठेवली. "ताई, तुमी खरंच उड्या मारणार हाय?" मी मान डोलावली आणि आत शिरले.

आत रांग पट्ट्यांप्रमाणे लागायची. पुढे तपकिरी, मग निळे, हिरवे, नारिंगी, पिवळे आणि सगळ्यात मागे पांढरे. माझी लेक नारिंगी होती. मी सगळ्यात शेवटी, पुढचे दोन दात पडलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्याही मागे. त्या मुलीने माझा पट्टा बघितला, नापसंतीने मान हलवली आणि माझ्या पोटासमोर उभं राहून तो सोडून परत बांधला. तिचा हात माझ्या कमरेला पुरत नव्हता, म्हणून मी स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

वर्गाचा नियम असा की खालच्या पट्ट्याने वरच्या पट्ट्याला वाकून नमस्कार करायचा आणि तो सांगेल ते मुकाट्याने करायचं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एक वरिष्ठ नेमून दिला जाई. सरांनी सभागृहभर नजर फिरवली आणि अजिबात न हसता मला माझ्या लेकीच्या हवाली केलं.

त्या दिवशी सकाळी मी तिला दुधी भोपळ्याची भाजी संपवायला लावली होती. शिवाय खोली आवरली नाही म्हणून टीव्ही बंद केला होता. ती माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. मी वाकून नमस्कार केला. तिने मला पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून उभं केलं आणि भोवती फेऱ्या मारायला लागली. "अजून खाली. अजून. आई, हे वाकणं नाही, हे नुसतं उभं राहणं आहे." मांड्या थरथरायला लागल्यावर मी डोळ्यांनी दया मागितली. ती अगदी माझ्या आवाजात म्हणाली, "संपल्याशिवाय उठायचं नाही."

घरी जाताना तह करावा लागला. शाळेच्या फाटकाच्या आत ती वरिष्ठ, फाटकाबाहेर मी. ती हे बऱ्यापैकी पाळायची. पण मी भांडी घासायला उभी राहिले की मागून जाता जाता गुडघ्याच्या खाचेत हलकेच टोचून म्हणायची, "सरळ." आणि खरं सांगायचं तर मी सरळ व्हायचेही. पाठ हळूहळू कामावर रुजू झाली. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून काकूंची विचारपूस करायची माझी सवय सुटली. ती विचारपूस नसून दम खाणं होतं, हे काकूंना पहिल्यापासून माहीत होतं.

काही महिन्यांनी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. ती कामाच्या दिवशी दुपारी होती, त्यामुळे ऑफिसातून लवकर निघणं भाग होतं. माझा मॅनेजर माझ्याहून बराच लहान, त्याची निम्मी वाक्यं इंग्रजीत. मी त्याला सांगितलं, परीक्षा आहे. कोणाची ते मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. "ओके, ओके. कोणता सब्जेक्ट?" मी म्हटलं, शारीरिक शिक्षण. "अरे, मग डोन्ट वरी. त्यात सगळेच पास होतात."

परीक्षक बाहेरगावाहून आले होते, मिशीवाले आणि गंभीर. सभागृह पालकांनी भरलेलं होतं. लेक वरिष्ठांच्या रांगेत बसली होती. आत शिरण्याआधी तिने मला पाण्याची बाटली दिली आणि घाबरू नकोस, घरी केलंस तेच कर, असं सांगितलं. हे वाक्य मी तिला प्रत्येक चाचणीच्या सकाळी ऐकवत आले होते. त्याने काडीचाही धीर येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ठरलेल्या हालचाली क्रमाने करायच्या होत्या. अर्ध्यात सगळे उजवीकडे वळले आणि मी डावीकडे. त्यामुळे मी आणि ती दात पडलेली मुलगी एकमेकींसमोर ठाकलो. तिने भुवया उंचावल्या, डोळ्यांनीच मला वळायची दिशा दाखवली आणि शांतपणे माझ्या बाजूने पुढे गेली. प्रेक्षकांत बसलेली माझी बाकावरची शेजारीण तोंडावर पदर धरून हलत होती.

तरीही मी पास झाले. पहिला रंगीत पट्टा मुलाच्या पालकाने बांधायचा, अशी त्या वर्गाची पद्धत होती. एकेक मूल पुढे जाई, एकेक आई-बाबा उठून येत. माझी पाळी आली, तसे परीक्षक माझ्याकडे बघून थबकले. माझी आई साताऱ्याला होती आणि मी हे काय चालवलंय, हे मी तिला कळवलंच नव्हतं. परीक्षकांनी प्रेक्षकांवर नजर टाकून विचारलं, "यांचे पालक आलेत का?"

हशा पिकला. माझं मीच बांधते म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर वरिष्ठांच्या रांगेतून लेक उठली. "मी आहे," ती म्हणाली.

तीन वर्षं प्रत्येक सभेत, प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक शाळेच्या दारात पालक म्हटलं की उठून उभी राहणारी मी एकटीच होते. दोघांच्या जागी एक, याची सवय झाली होती. आपल्यासाठी कोणी उठून उभं राहतं तेव्हा हातांचं काय करायचं, हे मात्र आठवेना. मी ते बाजूला लोंबते ठेवले. लेकीने पट्टा माझ्या कमरेभोवती फिरवला, गाठ मारली, ती वाकडी झाली म्हणून सोडून परत मारली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "श्वास सोड. पोट आत घेऊन फसवू नकोस." मी श्वास सोडला. पट्टा घट्ट झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पट्ट्यामुळेच आलं असं मी तिला पुढे बरेच दिवस सांगत होते.

पुढच्या महिन्यात शेजारणीने बाकावरून उठून पांढरा पोशाख घातला. तिची पहिली लाथ बघून सर दोन पावलं मागे सरकले. मला ती म्हणाली, शेतात भांगलणीत गेलेला जन्म हाय, वाकायचं मला काय सांगता. आणखी दोघी आल्या, त्यातली एक टिकली. बाकावर मेथीच्या पिशव्यांची राखण करायला एक आजोबा बसायला लागले. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून विचारलं, चालायला कुठे जाता? मी म्हटलं, चालत नाही, लाथा मारते. या वेळीही ते हसले.

लेक बारा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी तिने जाहीर केलं की तिला कराटेचा कंटाळा आलाय. तिला आता शाळेच्या नाटकात काम करायचं होतं. मी पोशाखांची पिशवी खाली ठेवली. ती वैतागली. "तू का ठेवतेस? मी सोडलंय. तुझा वर्ग आहे, तू जा."

तिला पोहोचवायला म्हणून जाणं वेगळं आणि फक्त आपल्यासाठी जाणं वेगळं. स्कूटर मागून इतकी हलकी वाटत होती की मी दोनदा वळून पाहिलं. सरांनी लेक कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं, घरी आहे, आज पोहे ती करणार आहे. त्यांनी मान डोलावली आणि मला पुढून दुसऱ्या रांगेत उभं केलं.

घरी परतले तेव्हा पोहे तयार होते. खाली लागले होते आणि मीठ नव्हतं. ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी सगळे संपवले आणि अजून आहेत का म्हणून विचारलं.