पायांपुरता उजेड

माझे मामा थिएटरात डोअरकीपर होते. उशिरा आलेल्याला अंधारातून खुर्चीपर्यंत नेताना बॅटरी जमिनीकडे धरायची, कुणाच्या तोंडावर मारायची नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे माणसं त्यांच्या लक्षात राहत ती पायांवरून. रस्त्यात कुणी हाक मारली की ते आधी चपला बघत आणि मगच ओळखीचं हसत. मामी म्हणायची, मला बघायला आले तेव्हाही यांनी मान वर केली नाही, पाय बघूनच होकार दिला.

एकदा खुर्चीखाली त्यांना कुणाचं तरी विसरलेलं चित्रकथेचं पुस्तक सापडलं. ते घ्यायला कुणी फिरकलं नाही, तेव्हा त्यांनी ते आपल्या मुलीला, ठकीला, आणून दिलं. ठकी त्यावरच वाचायला शिकली. त्यातला मुखवटेवाला नायक कुणाचा जीव घेत नसे, शत्रूचासुद्धा. त्याचे पुढचे सगळे अंक तिने जमवले. पुढे ती नोकरीला लागली, तरी पलंगाखालच्या खोक्यातल्या त्या अंकांना कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

त्याच नायकावर सिनेमा आला. त्यात तो आपल्या भावाला गळा दाबून मारतो, ही बातमी पहिल्याच दिवशी फुटली. निम्मे चाहते म्हणाले, आता कुठे हा माणूस वाटतो. उरलेले म्हणाले, हा आमचा नव्हेच. फोनवर एकमेकांच्या आईबहिणींचा उद्धार सुरू झाला. ठकीही जेवता जेवता कुणाला तरी शिव्या लिहायची. अगं, कागदावरचा माणूस तो, असं मामा एकदा म्हणाले. तिने ताट सरकवलं.

रविवारी दुपारच्या खेळाला दोन्हीकडचे आले, सगळे तोच काळा मुखवटा लावून. गळा दाबायचा प्रसंग सुरू झाला आणि एका बाजूने शिट्ट्या, दुसऱ्या बाजूने बाटल्या. पुढच्या रांगेत एकजण उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याला कुणीतरी केसांना धरून मागे ओढलं. खुर्चीचा उपटलेला हात पडद्यावर आदळला. पडदा फाटला, त्यावरचं चित्र चालूच राहिलं.

मामा बॅटरी घेऊन धावले. उजेडाच्या गोलात तो टाळ्यावाला कुशीवर पडला होता आणि त्याच्याभोवती नुसते पाय. ओल्या गोणीवर काठी बसावी तसा आवाज येत होता. त्या पायांत लाल नाड्यांचे पांढरे बूट होते. उजव्या बुटाची नाडी तुटली म्हणून सकाळीच मामांनी तिथे काळी ओवून दिली होती. तो उजवा बूट मागे गेला आणि पडलेल्याच्या डोळ्यावर बसला. मग पुन्हा.

मामांनी ठकीचा दंड धरला. तिने मागे न बघताच कोपर हाणलं. त्यांचा दात ओठात घुसला, बॅटरी पडून विझली.

दिवे लागले तेव्हा त्या माणसाचा डोळा गेलेला होता. पोलिसांनी दारं लावून घेतली आणि मुखवटे काढायला लावून सगळ्यांना लॉबीत भिंतीशी उभं केलं. मॅनेजरने मामांना पुढे करून इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितलं, आमचे काका चेहरा विसरतील, पाय विसरायचे नाहीत.

“मग दाखवा,” साहेब म्हणाले.

मामा मान खाली घालून टोकापासून निघाले. चपला, सँडल, बूट. रांगेच्या मध्यावर ते थांबले. तिथे अनवाणी पाय होते, सगळ्या रांगेत तेवढेच. ठकीने बूट गर्दीत कुठेतरी टाकून दिले होते. बापाला बूट कळतात, असंच ती समजून चालली होती. उजव्या अंगठ्याचं नख उलटलं होतं. हेच पाय आपल्या पावलांवर उभे करून मामांनी तिला चालायला शिकवलं होतं.

“बाबा, पुढे चला,” ती पुटपुटली. “सुरुवात त्यांनी केली.”

मामांनी मान वर केली. तिच्या गालांवर मुखवट्याच्या इलॅस्टिकचे वळ होते.

“ही,” ते म्हणाले. “मुलगी आहे माझी.”

फुटलेल्या ओठातून शब्द नीट आले नाहीत. साहेबांनी पुन्हा विचारलं आणि मामांना ते पुन्हा सांगावं लागलं.