मामा ज्या दारात बसला होता

"तुमच्या लोकांना मन असतं का रे?"

डॉक्टरसाहेबांनी हसत विचारलं. जंगलखात्याचा रेंजर हसला, त्याचा शिपाई हसला. मीसुद्धा हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असेल. नंदुरबारच्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. डोंगरातला पेशंट आला की तिथले साहेब ओरडायचे, "अरे, त्या भिलाला बोलवा!" सातवी पास मी, अंगात इस्त्रीचा शर्ट, पण नावानं हाक कधी मिळाली नाही. पेशंटची बोली मराठीत करून सांगायची, तीही उभ्यानं. स्टूल होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

त्या दिवशी समोर होता तो माझा मामा. आईचा सख्खा भाऊ. हात दोरीनं बांधलेले.

तोरणमाळच्या पायथ्याला त्याचं शेत. बापआज्यापासून कसलेलं, पण कागद नाही. रेंजरनं उभ्या ज्वारीत गुरं घातली, झोपडी पेटवली. मामा भांडला नाही. आमच्या पाड्याची रीत आहे. ज्यानं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन बसायचं. खायचं नाही, बोलायचं नाही. तो स्वतः येऊन "काय झालं?" विचारेपर्यंत उठायचं नाही. त्यानं विचारलं की पंच बसतात, बोलणं होतं. पाड्यात एका दिवसाच्या वर कोणी कोणाला असं बसू देत नाही, लाज वाटते. मामा रेंजरच्या बंगल्यासमोर आठ दिवस बसला. शेवटी रेंजरनं त्याला बांधून दवाखान्यात आणलं.

"हाऊ येडा शे, साहेब," शिपाई म्हणाला. "काही बोलत नही, काही खात नही."

हे डॉक्टर मनाच्या रोगाचे. शहरातून महिन्यातून एकदा यायचे. मला म्हणाले, "विचार त्याला, का बसला होता?"

मी विचारलं. मामानं माझ्याकडे बघितलं आणि आमच्या बोलीत शांतपणे म्हणाला, "तुला ठाऊक आहे. सांग त्यांना. त्यानं विचारलं की मी उठतो."

एका वाक्याचं काम होतं! पण हे पुन्हा हसतील, म्हणतील रानटी लोकांच्या रानटी रीती. समोर रेंजर उभा. माझी नोकरी. आणि हा माझा मामा, हे कळलं तर? मी म्हणालो, "काही नाही साहेब, बरळतोय."

डॉक्टरांनी कागद भरला. भरता भरता मला शिकवलंही. "जमीन गेली म्हणून कोणी वेडा होत नाही. माणसानं आपली जबाबदारी आपण घ्यावी. ऊठसूट सरकारला दोष! मनाच्या तपासणीत राजकारण आणायचं नसतं." मी मान डोलावली. मामा माझ्याकडेच बघत होता.

त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं. होळीच्या आत तो मेला. दवाखान्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, तेव्हा कळलं. मी मामीला निरोप पाठवला. स्वतः गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

आठवड्यानं सकाळी खोलीचं दार उघडलं, तर मामी दारात बसलेली. गप्प.

दवाखान्यात पेशंटची बोली सांगणारा मीच, हे तिला ठाऊक होतं; मी समजलो. "भाकरी खा," म्हणालो. "पाणी घे," म्हणालो. तेवढे दोन शब्द सोडून सगळं बोललो. ती हलली नाही. तिला वळसा घालून मी कामावर गेलो. एक दिवस, दोन दिवस. भित्रा, हरामखोर मी, तिच्या शेजारून जाऊन इस्त्रीचा शर्ट घालत होतो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची फेरी होती. माझी खोली दवाखान्याच्या आवारातच, त्यांना ती दिसली. कोण म्हणून विचारलं, कामानं आलेल्या रेंजरच्या शिपायानं सांगितलं.

"म्हणजे त्या वेड्याची बायको! ही पण तसलीच? चल, विचार तिला. कागद करून टाकू."

"नाही विचारत."

"काय म्हणालास?"

"ती वेडी नाही, साहेब. तिचा नवराही वेडा नव्हता. तो माझा मामा. तो नीट, शहाण्या माणसासारखं बोलला होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती माझ्या दारात बसलीय, कारण त्याला मी मारलं. मी, रेंजरनं आणि तुमच्या सहीनं."

"चालता हो!" डॉक्टर ओरडले. नोकरी तिथंच गेली.

मी मामीसमोर जमिनीवर बसलो. "मामी, काय झालं?"

ती म्हणाली, "त्याला आण."

ती उठली, लुगडं झटकलं आणि निघाली. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. तिनं मला माफ केलं नाही, आणि करूही नये.

मामा मेला त्याच इस्पितळात मी पुढं परिचर म्हणून लागलो. सहा वर्षं झाली. डोंगरातला कोणी आला की त्याच्याजवळ खाली बसतो आणि आधी विचारतो, "काय झालं?" तो सांगतो. शेत, जंगल, मार, बायकोची विटंबना. सांगताना कधी रडतो, रात्री जरा झोपतो. मी ते केसपेपरवर लिहितो. साहेब खोडतात. "हे लक्षण नाही, हे राजकारण आहे." बरा झालेला माणूस सुटतो आणि त्याच जंगलखात्याच्या हातात परत जातो. काही महिन्यांनी पुन्हा येतो, किंवा येतच नाही. माझ्या विचारण्यानं कोणाची एक वीतभर जमीन परत आलेली नाही.

जबाबदारी घ्या म्हणतात ना? माझी मी घेतली. त्यांची कोण घेणार?

काल मी राजीनामा दिला. उद्या त्या बंगल्यासमोर, मामा बसला होता त्याच जागी बसणार आहे. रेंजर बदललाय म्हणे. बदलू दे, दार तेच आहे. त्यातून काही निघेल असं मला वाटत नाही. दोरी आणतील, डॉक्टर आणतील, कागद भरतील. तो कागद कसा भरतात, मला चांगलं ठाऊक आहे. तरी कोणी बाहेर येऊन "काय झालं?" विचारेपर्यंत मी उठणार नाही.