शुक्री मामांची लाल गाडी आणि माझी जीभ

शुक्री मामा कवळ्या बनवायचे. दात उपटणारे डॉक्टर वेगळे. उपटल्यानंतर जी उणीव राहते ती भरून काढणारे मामा. लेबनॉनमधल्या आमच्या झाहले गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांचंच काम आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं गाव मला हसलं, आणि त्यातले बरेचसे लोक मामांच्याच दातांनी हसले.

मी मिलहिम. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. चारचौघांत कसं वागावं, कुणाला काय उत्तर द्यावं, हे मी पोरांना शिकवतो आणि त्यात त्यांना नापासही करतो. उंची सहा फूट, घेर उंचीला साजेसा. मला बघून कुणालाही बस आठवेल. इटलीत बनलेली, लाल रंगाची, बिनटपाची, दोनच माणसांची जुनी शर्यतीची गाडी काही आठवणार नाही.

मामांकडे नेमकी तीच होती. लढाई सुरू झाली तेव्हा बैरूतचा एक दंतवैद्य देश सोडून निघाला आणि मामांनी त्याची गाडी घेतली. उभ्या आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली ती एवढी एकच वस्तू. लढाईची सगळी वर्षं त्यांनी ती खाली बेकाच्या मैदानात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पेंढ्याखाली लपवली होती. आठवड्यातून एकदा जायचे, पेंढा बाजूला सारायचे, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकायचे आणि पुन्हा झाकून परत यायचे. डोंगरापलीकडे तोफा चालू असल्या तरी यात खंड नाही. शांतता झाल्यावर गाडी वर आली. कवळ्यांना चकाकी आणायची जी पांढरी पूड असते तिनेच ते गाडीचे दिवे आणि पट्ट्या घासायचे, त्यामुळे ती गाडी लांबून हसल्यासारखी दिसायची. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "गाडीत जागा दोन. दुसरी भरलेली आहे."

त्या दुसऱ्या जागेवर हियाम बसायची. त्यांच्या बहिणीची मुलगी. बाप पोटासाठी ब्राझीलला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा मामांनीच या मायलेकींना घरी आणलं. दर रविवारी चर्च सुटलं की मामा भाचीला शेजारी बसवून नदीकाठी आइस्क्रीम खायला न्यायचे. तिचे पाय सीटवरून खाली पोचत नव्हते तेव्हाही, आणि ती आमच्या शाळेत गणित शिकवायला लागली तेव्हाही. पुढे बहीण वारली आणि घरात मामा-भाची दोघंच उरली. मग त्या घरात मी शिरलो.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाची वस्तू आवडली की तोंडभरून कौतुक करायचं. मालकाने लगेच म्हणायचं, "तुझीच समज." आणि आपण म्हणायचं, "मालकालाच शोभते." संपलं. वस्तू जागच्या जागी, मनं खूश. कोट, घड्याळं, द्राक्षमळे, अख्खी घरं आमच्या गावात रोज अशी दिली जातात आणि काडी इकडची तिकडे होत नाही. दुधाचे दात पडायच्या आत पोरांना हे येतं. मलाही येत होतं.

हियामच्या आणि माझ्या लग्नाच्या दिवशी चर्चपासून हॉलपर्यंत जायला मामांनी आम्हाला गाडी दिली. म्हणजे वापरायला दिली. स्टिअरिंग माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये अडकलं होतं, वळण आलं की आधी गुडघा वळवावा लागायचा. मागच्या गाडीतून मामा अर्धे बाहेर वाकून ओरडत होते, "दुसरा! अरे, दुसरा गिअर टाक!" हियाम हसून हसून रडायला आली होती. माझ्या संसारातला तो सगळ्यांत सुखाचा अर्धा तास.

हॉलच्या दाराशी मी उभा राहिलो. तीनशे पाहुणे रांगेने येत होते. प्रत्येकजण उजव्या हाताने हात मिळवायचा, डाव्या हातात काहीतरी सरकवायचा, आणि मी म्हणायचो, "देव तुमचे हात सलामत ठेवो." सरकवलेलं ते डाव्या खिशात टाकायचो. पुढचा. "देव तुमचे हात सलामत ठेवो." खिशात. माझी मान, जीभ आणि डावा हात यांचं एक यंत्र झालं होतं, आणि त्या यंत्राचा माझ्या डोक्याशी काही संबंध उरला नव्हता. तेवढ्यात समोर मामा आले. चावी परत करायची म्हणून मी ती पुढे केली आणि रीतीप्रमाणे म्हणालो, "काय गाडी आहे, मामा! लोण्यासारखी चालते!"

मामांनी रीतीप्रमाणे माझी मूठ मिटवली आणि ती मागे लोटली. "आवडली ना? तुझीच समज."

उचलली जीभ लावली टाळ्याला. "देव तुमचे हात सलामत ठेवो," मी म्हणालो, आणि डाव्या हाताने चावी खिशात टाकली.

नेमका बाजूला माइकवाला उभा होता. "ऐका हो मंडळी! नवरीच्या मामांनी नवऱ्याला आपली लाल गाडी भेट दिली!" ढोल सुरू झाले. बायकांनी लुलुलु करून हॉल डोक्यावर घेतला. चौघांनी मामांना खांद्यावर उचललं आणि नाचवायला लागले. मामा वरून माझ्याकडे बघून हसत होते. दात काढल्यावर भूल उतरायच्या आधी माणूस जसा हसतो, तसं ते हसू होतं. हियामने माझ्या दंडाला चिमटा काढला. लग्नानंतर बायको माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य असं: "गाढवा, तू खरंच घेतलीस?"

दुसरं वाक्य दुसऱ्या दिवशी आलं. "मामांकडे दोनच गोष्टी होत्या. तू एकाच दिवशी दोन्ही उचलून आणल्यास. त्यातली एक तरी परत कर. तोवर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

मी चावी घेऊन मामांच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि फळीवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. मामांचे हात पांढरे झाले होते.

"मामा, त्या दिवशी माझी जीभ घसरली."

"कुणाची नाही घसरत?"

"म्हणजे, ती गाडी…"

मामांनी हातातला जबडा खाली ठेवला. "मिलहिम, अख्ख्या गावासमोर दिली मी ती. परत घेतली तर लोक काय म्हणतील? शुक्रीने भाचीच्या नवऱ्याला दिलेलं हिसकावून घेतलं? एवढा हलका करू नकोस मला." जबडा पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाले, "तेल बघतोस ना?"

"कसलं तेल?"

मामांनी डोळे मिटून घेतले.

मग मी डोकं चालवलं, आणि मी डोकं चालवलं की अनर्थ ठरलेलाच. म्हटलं, रीतीने आलेली वस्तू रीतीनेच जाईल. मामांच्या तोंडून गाडीचं कौतुक वदवून घ्यायचं आणि पटकन म्हणायचं, "तुमचीच समजा." गाडी धुतली, पुसली, अंगणात उन्हात उभी केली आणि मामांना कॉफीला बोलावलं.

"कशी दिसते, मामा?"

"बरी आहे."

"बरीच नुसती? रंग तर बघा!"

"उन्हात ठेवतोस. उडेल."

मामांनी माझा डाव दारातच ओळखला होता. कौतुकाचा एक शब्द त्यांनी ओठांबाहेर येऊ दिला नाही, आणि ते न करताना त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. कौतुक केलं ते माझ्या आईने. "राजाला शोभेल अशी गाडी आहे हो!" आणि मी टपून बसलेला, घाईघाईत आईलाच म्हणालो, "तुझीच समज!"

"मालकालाच शोभते, बाळा," आई म्हणाली. आईला रीत येते.

गावाने तर मला धुऊनच काढलं. मी बेकरीत शिरलो की लोक घड्याळ बाहीत ओढून घ्यायचे. "मास्तर, माझी टोपी कशी वाटते? नको, नको, सांगू नका!" वर्गात एका कार्ट्याने फळ्यावर लिहिलं, 'हा फळा सरांचाच समजा.' गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाली होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शाळेचा चढ मामांच्या गॅलरीखालून जातो. मी गिअर बदलला की गाडी किंचाळायची, आणि वर कॉफी पीत उभे असलेले मामा कप खाली ठेवून घरात जायचे. शेवटी मी गाडी अंगणात लावली, तिच्यावर चादर टाकली आणि पायी जाऊ लागलो. चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

एकदा मी आईला विचारलं, "चादर कोण हलवतं गं?"

"तू शाळेत असतोस तेव्हा शुक्री येतात. मी चावी खिडकीत ठेवते आणि आत जाऊन बसते. इंजिन लावतात, ऐकतात, झाकून जातात. बघायचं नसतं, मिलहिम."

एका रविवारी नदीवरच्या पुलावरून मी मामांना पाहिलं. चर्चमधून एकटेच चालत आले होते. आइस्क्रीमवाल्याने सवयीने दोन कप भरले. मामांनी नाही म्हटलं नाही. एक खाल्ला, मग दुसरा खाल्ला, रुमालाने तोंड पुसलं आणि चढ चढायला लागले. मी माझ्यावर बरंच हसत आलोय, पण त्या दिवशी हसू आलं नाही. मी त्या माणसाचं घर रिकामं केलं होतं, आणि मला ते भरता येत नव्हतं.

पुढच्या वसंतात आम्हाला मुलगी झाली. नाव ठेवलं वर्दे. आई मुगलीचं पातेलं ढवळू लागली. मुगली म्हणजे शहाजिरं घातलेली तांदळाच्या पिठाची खीर. ती खाल्ल्याशिवाय आमच्याकडे बाळ बघता येत नाही. मामा आले ते ठेवणीतला कोट घालून, अंगाला अत्तर आणि प्लास्टर यांचा मिळून एक वास. पाळण्यापाशी वाकले. वर्देने त्यांचं बोट पकडलं.

"देवा रे," मामा म्हणाले. "काय पोर आहे ही!"

माझ्या दोन्ही हातांत खिरीचा ट्रे होता. जीभ मात्र मोकळी होती, आणि ती आपली रीतीप्रमाणे म्हणाली, "तुमचीच समजा, मामा."

पोरांच्या बाबतीतही हे म्हणायचंच असतं. उत्तरही ठरलेलं आहे: 'आईबापांच्या मांडीवरच शोभते.' मामांनी तोंड उघडलं. वर्देने बोट सोडलं नव्हतं. आणि ज्या माणसाचं उभ्या आयुष्यात एक उत्तर चुकलं नव्हतं, तो म्हणाला, "देव तुझे हात सलामत ठेवो." असं म्हणून त्यांनी तिला उचललं आणि छातीशी धरलं.

आईचा चमचा वाटीत तसाच राहिला. मामांच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाले. "अरे… नाही… म्हणजे, आईबापांच्या…"

"नाही, मामा!" मी ओरडलो. आयुष्यात एकदाच माझी जीभ आणि डोकं एकाच वेळी पोचली. "आता नाही! दिली ती दिली. घरच्यांसमोर दिली. परत घेतली तर लोक काय म्हणतील? एवढा हलका करू नका मला."

हियाम माझ्याकडे बघायला लागली. लग्नाआधी बघायची तशी. मी ट्रे ठेवला, खिळ्यावरची चावी काढली आणि वर्देच्या मुठीत दिली.

"आणि गाडी हिची. हिला चालवायला येईपर्यंत तुमच्याकडे अमानत."

भेट नाकारता येते, परत करता येते, तिच्यावरून भांडता येतं. अमानत, म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू, मात्र आमच्याकडे चोरसुद्धा नाकारत नाही. मामांनी एक हात तिच्या मुठीखाली धरला. चावी वर्देच्या मुठीतून सुटून त्यांच्या तळहातावर पडली.

"म्हणजे मला अजून अठरा वर्षं जगावं लागणार," ते म्हणाले.

"वीस," हियाम म्हणाली. "बापावर गेली असेल तर गिअर शिकायलाच दोन लागतील."

मामा हसले आणि हसता हसताच रडले. आम्ही सगळेच रडलो. आईने रडतारडता सगळ्यांना आणखी खीर वाढली.

आता दर रविवारी चर्च सुटलं की मामा गाडी काढतात. शेजारी हियाम, तिच्या मांडीवर वर्दे. जागा दोनच, तेव्हा मी मागून चालत जातो. मामा पोरीसाठी इतकं हळू चालवतात की मला धापही लागत नाही. चढाला मी मदतीला म्हणून नुसता जवळ गेलो तरी ते मागे न बघता ओरडतात, "मिलहिम, हात लावू नकोस!"

नदीवर पोचेपर्यंत माझ्यासाठी त्यांनी एक कप राखून ठेवलेला असतो. मी घाम पुसत म्हणतो, "वा, काय आइस्क्रीम दिसतंय!" मामा कप पुढे करून म्हणतात, "तुझंच समज." आणि मी आता शिकलेला माणूस, चटकन म्हणतो, "मालकालाच शोभतं."

"खरंय," असं म्हणून मामा ते खाऊन टाकतात.