पाठराखिणीची ॲसिडिटी

आक्काचं लग्न होऊन ती निपाणीला गेली, तेव्हा तिची पाठराखीण म्हणून मी सोबत गेले. नव्या घरात नवरीला परकं वाटू नये, म्हणून चार दिवस तिच्याजवळ राहायचं, एवढंच काम. मी ते मन लावून केलं. तिच्या साड्या रंगाप्रमाणे लावल्या, चार्जरला चिठ्ठी चिकटवली, गिझरचं बटण कुठलं ते शोधून ठेवलं. ती रडायची तेव्हा मी टिश्यू पुढे करायचे.

चौथ्या दिवशी निघताना ती दारात म्हणाली, "तुला काहीच वाटत न्हाय व्हय गं?"

प्रश्न रास्त होता. मी प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. छातीखाली काहीतरी जळजळत होतं.

"थोडी ॲसिडिटी वाटतेय," मी म्हणाले.

आक्का आत निघून गेली. बेळगावला पोचल्यावर मी फोन केला, तो तिने उचलला नाही. रोज बोलणारी बहीण पंधरा दिवस माझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवत राहिली.

शाळेत आम्हाला चेहऱ्यांचा एक तक्ता होता. आज कसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मी आधी शेजारणीचं बोट कुठे जातं ते बघायचे. घरी मात्र 'ठीक' या एका शब्दावर माझी सगळी वर्षं निघाली होती.

जळजळ काही थांबेना. आईने ताक दिलं, जिरं दिलं, शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "कधी दुखतं ते आठ दिवस लिहून आण."

लिहिणं मला जमतं. मी वेळेसकट लिहून नेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"रोज संध्याकाळी सहालाच? सहाला काय खातीस?"

"काही नाही."

"मग सहाला काय होतं घरात?"

"काही नाही. आधी आक्का शाळेतून शिकवून स्कूटीवर यायची. आम्ही कट्ट्यावर चहा प्यायचो."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "गोळी देत न्हाय. निपाणीची बस पकड."

शनिवारी दुपारी मी आक्काच्या दारात उभी होते. काय बोलायचं ते सबंध रस्ताभर सुचलं नव्हतं, म्हणून "डॉक्टरांनी लिहायला सांगितलं होतं," एवढंच म्हणून कागद पुढे केला. ती उभ्या उभ्या वाचू लागली.

"सोमवार, सहा वाजता, दुखतं. सहा दहा, जास्त दुखतं. मंगळवारी स्कूटीचा आवाज आला, शेजारच्यांची होती, फार दुखतं..."

तिचा आवाज फाटला. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. या वेळी टिश्यू माझ्याकडे नव्हता.

"माझी आठवण येती, हे सांगायला डॉक्टर लागला तुला? येडी कुठली!"

"याला आठवण म्हणतात?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"न्हाय, गॅस म्हणतात," म्हणत तिने मला आत ओढलं.

सहा वाजता तिने चहा ठेवला. कप हातात देत विचारलं, "आता? दुखतंय?"

मी नीट तपासलं. "थोडं. साडेसातला बस आहे ना."

आक्काने माझी पिशवी उचलली आणि कपाटात, मीच लावलेल्या साड्यांमागे ठेवून दिली.