काचेतलं ऊन

सगळी साइट त्यांना दाजी म्हणायची, कारण खाली उभं राहून वॉकीटॉकीवर त्यांना इशारे देणारा माणूस त्यांचा सख्खा मेहुणा होता. दाजी उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचे. भार कुठे टेकतोय ते वरून धड दिसायचं नाही. मेहुणा सांगायचा, "घ्या खाली, घ्या, हळू... थांबा!" की दाजींचा हात जागच्या जागी थांबायचा. घरी त्याचं एक अक्षर न ऐकणारा हा माणूस कामावर मात्र त्याच्या शब्दाबाहेर जात नसे.

वर्षानुवर्षं एकाच बाजूने ऊन घेऊन दाजींचा उजवा गाल पार सुरकुतला होता. डावा गाल नवरदेवाचा, उजवा त्याच्या आजोबांचा, असं मेहुणा म्हणायचा. एकदा औषधाच्या दुकानात कुणीतरी त्यांच्या बायकोला म्हणालं, "वडिलांना बसू द्या ना." झालं! तिने तिथल्या तिथे सनस्क्रीनची ट्यूब घेतली आणि रोज सकाळी स्वतःच त्यांच्या तोंडाला फासायला लागली.

"मी काय नाटकात काम करतोय?" दाजी कुरकुरायचे.

मग मांड्या दुखायला लागल्या. शिडी चढताना पाय भरून यायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आणि इथेच आमच्या शहाण्याने अक्कल पाजळली! उन्हाने ते जीवनसत्त्व अंगात तयार होतं, एवढंच त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे ती ट्यूबच मुळावर आली, असं ठरवून ते केबिनमध्ये पोचले की तोंड पुसून टाकायचे. काचेवरचा पडदा काढला, बाह्या वर सारल्या, आणि दिवसभर बंद काचेतून ऊन खात बसले. गोळ्या कपाटात तशाच. अहो, उन्हातच तर बसतोय, गोळी कशाला?

दुखणं वाढतच गेलं. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. सांगितलं असतं तर केबिन गेली असती, आणि केबिनशिवाय आपण कोण, हे दाजींना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी काम आटोपून ते शिडी उतरायला लागले आणि मधेच मांडीने दगा दिला. गुडघा वाकला, पाय दांडीवरून निसटला. दोन्ही हातांनी शिडी कवटाळून ते लटकले. खाली नजर गेली आणि पाचावर धारण बसली.

"दाजी, चेष्टा पुरे!" खांद्यावरच्या वॉकीटॉकी सेटमधून मेहुणा ओरडला. मग त्याचा आवाज बदलला. "दाजी?"

दाजींनी हनुवटीने बटण दाबलं. "पाय ऐकत नाहीत रे."

सेटमधून मेहुण्याचा रोजचाच सूर आला. "खाली बघू नका, खाली मी बघतो. उजवा पाय घ्या खाली. घ्या, घ्या... थांबा. टेकला. आता डावा. हळू."

"हात सुटतायत रे!"

"नाही सुटत. आजवर आपला एक तरी भार पडलाय का? घ्या खाली."

दांडीमागून दांडी त्याने त्यांना उतरवलं. जमिनीवर पाय टेकताच दाजी मटकन खाली बसले. साइटवरची नर्स धावत आली. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा पुसलेलं तोंड, न घेतलेल्या गोळ्या, सगळं बाहेर आलं.

"अहो, काचेतून येतं ते ऊन कातडी म्हातारी करतं," ती वैतागून म्हणाली. "ज्या उन्हाने जीवनसत्त्व तयार होतं, ते तर काचच अडवते. क्रीमने नाही, काचेमागे बसून बसून ही वेळ आली तुमच्यावर. आणि क्रीम पुसून गालाचीही वाट लावलीत!"

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सुपरवायझर आला. "नुसता पाय घसरला ना? उद्या चढाल ना?"

हो म्हणायला दाजींनी तोंड उघडलं.

"दाजी, थांबा," मेहुणा म्हणाला. सेट त्याने अजून मुठीत घट्ट आवळला होता.

दाजी थांबले. मग खिशातली केबिनची किल्ली काढून त्यांनी सुपरवायझरच्या हातावर ठेवली. "पाय बरे होईपर्यंत दुसरा माणूस बसवा," ते म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी मेहुण्यापुढे हात केला.